शनिवारचं लोखंड

माझे वडील शनिवारी घरात लोखंड आणू देत नाहीत. खिळा नाही, सुई नाही, तवा तर नाहीच. शनिवारी लोखंड आणलं की त्याच्याबरोबर शनी उंबरा ओलांडून आत येतो, असं त्यांच्या आईनं त्यांना लहानपणी सांगितलं होतं आणि त्यांनी ते निमूट मानलं. गंमत अशी, की या माणसाचा सगळा जन्म लोखंडात गेला. भिवपुरीच्या पावरहाउसात ते फिटर म्हणून लागले आणि फोरमन म्हणून बाहेर पडले. घाटावरचं पाणी डोंगर उतरून खाली आणणारे ते जाडजूड नळ, त्यांचे बोल्ट त्यांनी उभी हयात आवळले. तिथे शनिवारी लोखंड यायचं नाही का, असं मी एकदा त्यांना विचारलं होतं. "त्ये कंपनीचं," ते म्हणाले. "कंपनीला साडेसाती लागत नाय."

आम्ही पावरहाउसच्या कॉलनीत राहायचो तेव्हाची गोष्ट. आई बाजाराला कर्जतला गेली आणि येताना नवी विळी घेऊन आली. वार तिच्या लक्षातच नव्हता. वडिलांनी ती विळी पिशवीतून काढली, मागच्या पेरूच्या झाडाखाली ठेवली आणि वर घमेलं पालथं घातलं. त्या संध्याकाळी आईनं जुन्या बोथट विळीवर भाजी चिरली आणि चिरता चिरता ती जे काही बोलली ते मी इथे लिहीत नाही. रविवारी सकाळी नव्या विळीला आंघोळ घातली गेली, हळदकुंकू लागलं आणि मग ती घरात आली.

हे सगळं आधी सांगून टाकलं, कारण मला जे लिहायचंय ते माझ्या मुलीच्या सायकलबद्दल आहे आणि ती सायकल आम्ही शनिवारी घ्यायला गेलो होतो.

मुलगी तेव्हा सहावीत होती आणि नुसती वाढत होती. जूनमध्ये शिवलेला गणवेश दिवाळीला गुडघ्याच्या वर जायचा. मी खालापूरला जमीन मोजणीच्या कार्यालयात नोकरी करते. तिथे एकदा मोजलेली जमीन निदान वाढत तरी नाही, असं मी तिला चिडवायचे. तिच्याकडे लहानपणापासूनची एक बुटकी, जड सायकल होती. त्यावर बसली की तिचे गुडघे हँडलला लागायचे आणि ती बाहेरच्या बाजूला पाय फाकवून बेडकासारखी पायडल मारायची.

तिच्या शाळेचे खेळाचे सर दर रविवारी सकाळी सात-आठ मुलांना घेऊन सायकलवर निघतात. कर्जतच्या बाहेर पडायचं, राजमाचीच्या पायथ्याच्या बाजूला जायचं, फार्महाउसांची कुंपणं संपली की शेतातल्या गाडीवाटेला लागायचं, आणि डोंगराच्या उतारावर एक ठाकरवाडी आहे तिथवर चढून परत. माझी मुलगी अबोल आहे. शाळेतून आली की दप्तर ठेवते, जेवते आणि पुस्तकात डोकं घालते. काय झालं, कसं झालं, विचारलं तर "काही नाही." पण रविवारी ती चिखलानं माखून घरी यायची आणि दारातूनच तिचं तोंड सुरू व्हायचं. ओढ्यात कोण पडलं, वाडीतल्या कुठल्या बाईनं पाणी दिलं, कुत्रं कसं मागे लागलं, सगळं. आंघोळ करताना आतून ओरडून सांगायची, जेवताना घास हातात धरून सांगायची. आठवड्यातून एकदा माझी मुलगी मला भेटायची म्हणा ना.

त्या वर्षी पाऊस सरल्यावर ते बोलणं कमी होत गेलं. चढ आला की तिला उतरून सायकल ढकलावी लागायची, आणि बाकीची मुलं वर पोचून, बिस्किटं खाऊन, खाली यायला निघाली की ही अर्ध्या वाटेत त्यांना भेटायची. मग एका रविवारी तिच्या पोटात दुखलं. पुढच्या रविवारी परत दुखलं. मी काही डॉक्टर नाही, पण फक्त रविवारी सकाळी दुखणारं पोट कुठल्याही आईला कळतं. सरांचाही फोन आला. ती चांगली चालवते, पण तिला तिच्या मापाची हलकी सायकल द्या, नाहीतर ती सोडून देईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला भीतीच वाटली. सायकल सुटली तर सुटली, पण रविवारची ती बडबड गेली तर मी काय करणार होते?

तर सायकल घ्यायची हे ठरलं. आता कुठली, यावर आमच्या घरात जे सुरू झालं ते एखाद्या दिवाणी दाव्याला शोभलं असतं.

माझा नवरा खालापूरकडच्या एका कारखान्यात आहे. त्याला कुठलीही वस्तू घ्यायची म्हटली की आधी मोबाइलवर व्हिडिओ बघावे लागतात. तीन दिवस बघून तो म्हणाला, कार्बनच्या सांगाड्याची. विमानात वापरतात, एका बोटानं उचलते. मी म्हटलं, आपली पोरगी विमानासारखी उडणार नाहीये, ती आपटणार आहे. आपटल्यावर कार्बनला आतून तडा जातो आणि वरून दिसतही नाही, असं त्याच्याच एका व्हिडिओत होतं. वर त्याची किंमत कळल्यावर तो स्वतःच गप्प बसला आणि कार्बनचा दावा निकाली निघाला.

उरलं स्टील आणि ॲल्युमिनियम. आई गेल्यापासून वडील आमच्याकडे कर्जतलाच असतात. ते पहिल्या दिवसापासून एकच सांगत होते. "लोखंड घ्या. वाकंल, पण मोडायचं नाय. मोडलंच तर कर्जत ते खालापूर कुठंबी वेल्डिंगवाला बसलाय." त्यांचं चूक होतं असं नाही. स्टीलचा सांगाडा खड्ड्यांचे दणके थोडे आपल्या अंगावर घेतो, मनगटांपर्यंत येऊ देत नाही, हे नवऱ्याच्या व्हिडिओवालेही सांगत होते. पण सायकल मुलीच्या निम्म्या वजनाची असेल तर चढावर कुणी कुणाला न्यायचं? शिवाय आमच्याकडचा पाऊस. चार महिने ओल्या पडवीत ठेवलेलं लोखंड कसं दिसतं ते इथं कुणाला सांगायला नको. वडील म्हणाले, "तेल लावत जा."

मी ॲल्युमिनियमच्या बाजूनं होते. हलकं, गंजत नाही. मोडलं तर सहजासहजी जोडता येत नाही, हे कबूल. पण मूल वाढतंय तोवर दोन-अडीच वर्षं चालवायची, मग मोठी घ्यायची. वडिलांनी ॲल्युमिनियम हा शब्द कधी तोंडात घेतलाच नाही. आमच्याकडे जुनी माणसं त्या धातूला जर्मन म्हणतात, म्हणजे जर्मनचा टोप, जर्मनचं पातेलं. "पोरीला जर्मनच्या टोपावर बसवून डोंगरात धाडणार व्हय?" ते विचारायचे. "टोप पोचे खाऊन खाऊन कसा व्हतो बगितलाय ना?"

खरं भांडण धातूचं नव्हतंच. ते मापाचं होतं. वडिलांना मोठी सायकल हवी होती, थेट कॉलेजपर्यंत पुरेल अशी, आणि इतकी वर्षं टिकायची तर ती लोखंडाचीच हवी. वाढत्या अंगाची.

हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. माझं सगळं बालपण वाढत्या अंगाचं होतं. फ्रॉकला खाली वीतभर दुमड असायची आणि दर वर्षी ती थोडी उसवली जायची, त्यामुळे फ्रॉकवर झाडाच्या खोडासारख्या वर्षांच्या रेघा दिसायच्या. स्वेटरच्या बाह्या बोटांच्या पुढे लोंबायच्या. बूट तर असे, की पुढच्या टोकाला कापूस भरून घालायचे. कापूस हळूहळू काढत जायचा आणि बूट बरोबर मापाचा झाला की तळ गेलेला असायचा. अशी कितीतरी घरं होती, आमचं एकट्याचं नव्हे. पण कॉलनीतल्या इतर मुलींना निदान दिवाळीचा एक फ्रॉक अंगाबरोबर मिळायचा. माझ्या वाट्याला जे यायचं ते पुढच्या वर्षीच्या माझ्यासाठी असायचं, आणि ती पुढच्या वर्षीची मुलगी माझ्याहून जास्त लाडकी आहे की काय, असं मला खरोखर वाटायचं.

त्यामुळे मी ठरवलं होतं, की माझ्या मुलीला आजच्या मापाचं मिळेल. उद्याचं उद्या.

शनिवारी मला सुट्टी असते, आणि दुसऱ्याच दिवशी रविवार होता. सरांनी मुलीला मुद्दाम निरोप दिला होता, की या वेळी यायचंच. तेव्हा शनिवारीच सायकल आणणं भाग होतं. खोपोलीच्या रस्त्यावर डोंगरात चालवायच्या सायकलींचं एक दुकान आहे, मुंबईहून हौशी सायकलवाले यायला लागल्यावर निघालेलं. नवऱ्याला ड्यूटी होती. मी, मुलगी आणि वडील असे निघालो. शेजाऱ्यांनी त्यांच्या टेंपोतून सोडलं, येताना सायकलही त्यातच घालून आणू म्हणाले. मी मनातल्या मनात खूश होते, हे लपवत नाही. आज शनिवार. वडिलांचं लोखंड त्यांच्याच नियमानं घरात येऊ शकत नव्हतं. मला भांडावंसुद्धा लागणार नव्हतं. वार माझ्या बाजूनं होता.

दुकानदार पन्नाशीचा, गप्पिष्ट, स्वतः सायकल चालवणारा. त्यानं दोन सायकली काढल्या. एक ॲल्युमिनियमची, निळी, तिच्या मापाची. दुसरी स्टीलची, काळी, दोन मापं मोठी. वडिलांनी खिशातून लोहचुंबक काढलं. जुन्या स्पीकरमधलं, ते नेहमी जवळ ठेवतात, कारण दुकानदारांच्या बोलण्यावर त्यांचा विश्वास नाही. निळ्या सांगाड्याला लावलं तर ते हातात गळून पडलं. पुढच्या चाकाच्या चिमट्याला लावलं तर टक्कन चिकटलं. "चिमटा लोखंडाचा हाय," त्यांनी दुकानदाराला असं सांगितलं जणू त्याची चोरी पकडली. तो हसून म्हणाला, "हो काका, मी कुठे नाही म्हणालो?" मग काळीला लावलं, आणि ते जिथे लावलं तिथे बसलं. वडिलांनी ते तसंच थोडा वेळ राहू दिलं.

"ही घेऊ," ते म्हणाले.

मी म्हटलं, "बाबा, आज शनिवार आहे."

"म्हायती हाय."

"लोखंड आहे ते."

"असू दे शनिवार," ते म्हणाले. "एवढ्या एका येळेला असू दे."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आईची विळी ज्यांनी पेरूखाली ठेवली, माझ्या लग्नाच्या खरेदीत शनिवारी आणलेला अडकित्ता ज्यांनी दुकानात परत पाठवला, ते हे म्हणत होते. तोवर मुलगी काळी सायकल घेऊन दुकानाबाहेरच्या मोकळ्या जागेत गेली होती. आम्ही दोघं दारात उभे होतो. मी आवाज खाली आणून विचारलं, "एवढं काय अडलंय या काळीवाचून? ती निळी दोन वर्षांत लहान होईल, मग दुसरी घेऊ."

"दुसरी कोण घेणार?"

"मी घेईन. आम्ही घेऊ."

"तुमी घ्याल गं," ते म्हणाले. "मी नाय ना."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. माणसानं मरणाच्या गोष्टी निदान सायकलच्या दुकानात तरी काढू नयेत. तोपर्यंत महिनाभर मी ज्यांच्याशी लोखंड आणि जर्मन यावरून वाद घालत होते, ते या सगळ्या काळात एकच गोष्ट मोजत होते, आणि मला, जिचं पोट मोजणीवर चालतं, ती कळली नव्हती. आपण दिलेली वस्तू आपल्यामागे तिच्याजवळ असावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्याला हलकं-जड काय सांगणार?

पण माझी जीभ ऐकत नाही. मी म्हटलं, "माझे बूटही असेच घ्यायचात तुम्ही. कापूस भरून. त्या बुटांनी मला किती फोड आलेत आठवतं तरी का?"

"फोडाला खोबरेल कोण लावायचं मंग?" ते म्हणाले. "तुझी आय झोपली की मीच लावायचो ना."

ते खरं होतं. मी विसरले होते.

मग ते आपणहून बोलले, माझ्याकडे न बघता. "तवा नळावर काम व्हतं. वरच्या टप्प्यात पाय सरला की संपलं. माझ्या देखत दोघं गेले. दर साली तुला कायतरी घ्यायला गेलो की वाटायचं, पुढच्या साली आपण हाय का नाय काय ठावं. पोरीला पुढचं साल तरी उघडं नको पडायला. म्हून मोठं घ्यायचो."

इतकी वर्षं मी त्याला काटकसर समजत होते. कंजूषपणा म्हणत होते, स्पष्टच सांगायचं तर. आणि ती पुढच्या वर्षीची मुलगी, जिचा मला हेवा वाटायचा, तिला बाप असेल की नाही या काळजीनं हा माणूस ते लांब बाह्यांचे स्वेटर घेत होता. मी नुसता त्यांचा हात धरला. तो हात अजूनही कानशीसारखा खरखरीत आहे.

तेवढ्यात मुलगी परत आली. आली म्हणजे आमच्या दिशेनं तिरकी तिरकी आली, थांबायला पाय टेकवायला गेली आणि पाय जमिनीला पोचलाच नाही. वडिलांनी पुढे होऊन हँडल धरलं म्हणून वाचली. ती आडव्या दांडीवर कशीबशी अंगठ्यांच्या टोकांवर उभी होती. तिनं एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं, एकदा आजोबांच्या. आमचं काहीतरी झालंय एवढं तिला कळलं असणार, कारण ती म्हणाली, "चालेल, आजोबा. हीच घेऊ. मी वाढेन ना पटकन."

हे ती खोटं बोलत होती. मी तिला पुरती ओळखते. तिचे कान लाल झाले होते, दंड थरथरत होते, आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिच्या पोटात पुन्हा दुखणार होतं. मी तोंड उघडणार होते, पण वडील खाली बघत होते, तिच्या पायांकडे. टाचा वर उचललेल्या, सगळं अंग बोटांवर तोललेलं. मला वाटतं त्यांना कापूस भरलेले बूट दिसत असावेत.

"नाय," ते म्हणाले. "उतर, बाय. मोठी हाय ती तुला."

"मग मी मोठी झाले की ही घ्याल?"

त्यांनी काळी सायकल स्वतः आत नेऊन भिंतीला लावली, चुंबक काढून खिशात ठेवलं आणि दुकानदाराला विचारलं, "त्या निळीची सीट किती वर जाते?"

दुकानदारानं पान्हा घेऊन सीटखालची नळी ढिली केली आणि वर ओढून दाखवली. नळीच्या खालच्या अंगाला एक आडवी रेघ कोरलेली होती. "ही रेघ बाहेर दिसायला लागली की थांबायचं, काका. त्याच्या वर सीट काढायची नाही, सांगाड्याला धोका. तेव्हा समजायचं, सायकल लहान झाली." वडिलांनी ती नळी हातात घेऊन रेघेवरून नख फिरवलं. मग नळी पार खाली बसवून मुलीला वर बसवलं, उतरवलं, नळी बोटभर उचलली, तिला पुन्हा बसवलं. तिचे दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले तेव्हा त्यांनी पान्ह्यानं बोल्ट आवळला. ती मोकळ्या जागेत निघाली आणि पहिल्याच वळणाला पायडलवर उभी राहिली. आपण हसतोय हे तिचं तिलाही ठाऊक नसावं.

"ही सीट मीच वर करणार," वडिलांनी मला बजावलं. "तुझ्या नवऱ्याला सांग, पान्हा लावायचा नाय."

चेन आणि चिमटा लोखंडाचा असल्यामुळे ती निळी सायकल त्या रात्री शेजाऱ्यांच्या पडवीत राहिली, हे सांगायला नकोच. मघाशी जी सूट मिळाली होती ती फक्त काळीसाठी होती. रविवारी पहाटे मुलगी तिथूनच निघाली. अकराच्या सुमाराला फाटकाच्या बाहेरूनच तिचा आवाज ऐकू आला, वाडीत कुणाची बकरी व्यायली ते सांगत होती.

त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी आमच्या अंगणात एक कार्यक्रम व्हायचा. मुलगी म्हणायची, आजोबा, गुडघे वर येतायत. वडील म्हणायचे, बगू. मग ते पडवीत खुर्ची टाकून बसायचे, तिला सायकलवर बसवून एक पायडल खाली घ्यायला लावायचे, गुडघ्याला हात लावून बघायचे आणि बऱ्याच विचारानंतर सीट जेमतेम करंगळीच्या जाडीएवढी वर करायचे. ती म्हणायची, अजून थोडी. ते म्हणायचे, पुरे. सोन्याचा तोळा मोजावा तशी ते ती नळी बाहेर काढायचे. ती रेघ लवकर बाहेर यायला नको म्हणून ते असे हात आखडतात, हे मला कळत होतं आणि मी गप्प बसायला शिकले होते.

गेल्या हिवाळ्यात वडिलांना दम लागायला लागला. पनवेलच्या हॉस्पिटलात ठेवावं लागलं, घरी आणलं, पुन्हा न्यावं लागलं. त्या दिवसांत मुलगी भराभरा वाढत होती आणि सायकल तशीच होती. तिचे गुडघे पुन्हा हँडलपाशी यायला लागलेले मला खिडकीतून दिसायचे. नवरा एकदा पान्हा घेऊन गेला, तर ती सायकलच्या आडवी उभी राहिली. "आजोबा आले की," ती म्हणाली. तो म्हणाला, अगं, दोन मिनिटांचं काम आहे. ती म्हणाली, "माहितीय." आणि तशीच बेडकासारखी ती रविवारी डोंगरापर्यंत गेली आणि आली.

वडील घरी आले तेव्हा अंगानं निम्मे झाले होते. बऱ्याच दिवसांनी पडवीत येऊन बसले, आणि तिनं सायकल त्यांच्यासमोर आणून उभी केली. पान्हा त्यांच्या हातात फिरेना. तिनं आपला हात त्यांच्या हातावर ठेवला आणि दोघांनी मिळून तो फिरवला. त्या दिवशी त्यांनी सीट चांगली दोन बोटं वर केली. मी आत जाऊन उगाच भांडी आवरली.

आता त्यांचं बरं आहे. फाटकापर्यंत जाऊन येतात, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात.

परवा शुक्रवारी संध्याकाळी मी खालापूरहून आले तर अंगणात कार्यक्रम सुरू होता. मुलगी आता उंचीनं माझ्या कानापर्यंत येते. वडिलांनी नळी वर ओढली, आणि ती कोरलेली रेघ बाहेर आली. ते थांबले. तिच्यावरून त्यांनी नख फिरवलं, दुकानात फिरवलं होतं तसंच. मुलगीही वाकून बघत होती. मी चपला न काढता पायरीवर उभी राहिले.

"संपली," वडील म्हणाले. त्यांनी रेघ आत जाईल इतकी नळी खाली सारली, बोल्ट आवळला आणि पान्हा फडक्यानं पुसून बाजूला ठेवला. "लहान झाली तुला ही. आता लय वाढायची नायस तू. आता लोखंडाची घेऊ. मी येतो दुकानात, मला चुंबक लावून बगायचंय."

मुलगी म्हणाली, "कधी?"

वेळ दवडायला नको असं वाटलं, म्हणून मी घाईनं म्हटलं, "उद्याच जाऊ या ना, बाबा. उद्या मला सुट्टी आहे."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू एवढी शिकली पण हिला अक्कल काही आली नाही.

"उद्या शनिवार हाय," ते म्हणाले. "शनिवारी लोखंड आणत्यात व्हय घरात? जाऊ पुढच्या आठवड्यात. एवढी घाई कसली हाय?"